उतरवलेली पट्टी

माऊली, तुम्ही स्टेजवर उभे राहून सांगता की तुमची पट्टी काळी तीन. पस्तीस वर्षांत एक सूरसुद्धा खाली आलो न्हाई, असं सांगता. खोटं आहे. तुमची पट्टी आता काळी एक आहे, आणि तीही घसा बरा असेल त्या दिवशी. मधल्या पाच पायऱ्या मी उतरवल्या, एकेक करून, तुम्हाला कळूसुद्धा दिलं न्हाई. तुम्ही माझी बोटं बघता. बोटं काळी तीनवरच असतात. बघायचं असतं ते बटनाकडं.

तुमचा वरचा पंचम लागत न्हाई तिथं मी डाव्या हातानं चाक ओढते आणि माझा सूर तुमच्या बेसुरापर्यंत खाली आणते, म्हणजे लोकांना वाटतं दोघं बराबर आहेत. तुमचा आवाज थरथरतो तेव्हा दुसरं चाक फिरवून मीही थरथरते. तुमचा दम संपतो तिथं पायानं पेडल दाबून सूर ताणून धरते, तोवर तुम्ही श्वास घेता आणि लोक टाळ्या वाजवतात. अकरा वर्षं तुम्ही गायलात ते अर्धं माझ्या हातापायांनी गायलात.

आणि माझ्या लेकीची वेळ आली तेव्हा तुम्ही माइकवरून सांगितलं, बाई, बटनाला हात लावायचा न्हाई. मी लावला न्हाई. तुम्ही ते विसरलात. मी विसरले न्हाई. आता तुमची पाळी आहे.

हे पत्र कागदावर कधी आलंच नाही. अंबडला कोर्टाच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर, त्या घराची मोरी, आणि मोरीत पाटावर बसून भांडी घासणारी बेबीनंदा. घासता घासता ती हे पत्र मोठ्यानं बोलायची. रोज एखादं वाक्य वाढवायची, एखादं काढायची. कढई जळकी असली तर पत्र लांबायचं. तिचा नवरा पुंजाराम कोर्टाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करतो. तो बाहेरच्या खोलीत चहा पीत ऐकायचा.

"एवढं पाठ झालंय तर सांग, टाइप करून देतो," तो म्हणायचा. "नोटरी आपल्याच वळखीचा आहे."

"तुम्ही तुमच्या पक्षकारांचं बघा."

"पक्षकार मोरीत बसून राह्यला. बाहेर येईना."

बेबीनंदा बावन्न वर्षांची. ठेंगणी, कपाळ मोठं, बोटं आखूड. तिचा बाप गावच्या भजनात पेटी वाजवायचा. पोरीनं पेटीला हात लावलेला त्याला खपत नसे. म्हणून तो शेतावर गेला की ती पेटी उघडायची, भाता मात्र बंदच ठेवायची आणि नुसती बोटं चालवायची. आवाज नको, म्हणजे शेजारणी चुगली करणार नाहीत. पाच-सहा वर्षं ती अशी मुकी पेटी शिकली. लग्न झाल्यावर पुंजारामनं जालन्याहून एक जुना कीबोर्ड आणून दिला. गावात सगळ्याच कीबोर्डांना कॅसिओ म्हणतात, तसा हाही कॅसिओ. त्यावर आवाजाची कळ होती, ती अगदी खाली केली की पुन्हा मुकं वाजवता येई. पुंजारामनं तिसऱ्या दिवशी ती कळ वर सरकवली आणि म्हणाला, "इथं तुझा बाप न्हाई. वाजू दे."

तिला स्टेजवर पहिल्यांदा बसवलं ते माऊलीनंच. हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचा राग समजणार नाही. माऊली राजूरचा. हळदीचे, बारशांचे, गणपतीचे कार्यक्रम करणारा त्याचा ग्रुप भोकरदनपासून अंबडपर्यंत प्रसिद्ध. त्याचा कीबोर्डवाला ऐन लग्नसराईत पुण्याला निघून गेला, तेव्हा कुणीतरी बेबीनंदाचं नाव सांगितलं. ग्रुपातले बाकीचे नाक मुरडायला लागले. बाईमाणूस, अर्ध्या रात्री घरी कोण सोडणार, वगैरे. माऊली म्हणाला, "बाई असो का बाप्या, बोटं चालली म्हंजे झालं." त्यानं तिला घेतलं, टेम्पोत पुढच्या सीटवर बसवून नेलं, आणलं. अकरा वर्षांत वावगा शब्द बोलला नाही. तिची कला मात्र त्याला कधी कला वाटली नाही. "आमच्या बाई बटनं दाबतात," अशी तो ओळख करून द्यायचा.

पेटी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एकदाच सांगते. गाणारा ज्या सुराला सा मानतो ती त्याची पट्टी. पेटीवर पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या असतात, त्यांच्या नंबरावरून नाव पडतं: पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन. पट्टी जितकी चढी तितकी गळ्याला ओढ. पेटीवर पट्टी बदलायची म्हणजे बोटांची सगळी मांडणी बदलावी लागते. कीबोर्डावर ट्रान्सपोज नावाचं बटन असतं. ते खाली दाबलं की बोटं जिथल्या तिथं राहतात आणि आवाज एक पायरी उतरतो. काळी तीनवरून असा पाच वेळा उतरला की काळी एक येते. छोट्या पडद्यावर वजा एक असा आकडा दिसतो, आणि तो बघायला वाजवणाऱ्याशिवाय कुणी वाकत नाही.

माऊलीचा एक रिवाज होता. प्रत्येक मोठ्या गाण्याआधी तो माइकवर म्हणायचा, "बाई, काळी तीन द्या." बेबीनंदा काळी तीनवर बोट ठेवून एक लांब सूर धरायची. माऊली हात वर करून त्या सुरात आपला सा मिळवायचा. पुरुषाच्या गळ्याला काळी तीन म्हणजे उंच काम. लोकांना पट्टीतलं काही कळत नसे, पण हा माणूस काहीतरी अवघड करतो आहे एवढं कळायचं, आणि टाळ्या पडायच्या. त्या टाळ्यांवर माऊली जगत होता.

दुसऱ्या वर्षी भोकरदनच्या एका लग्नात त्याला ताप होता. डोळे लाल, घसा बसलेला. बेबीनंदाला दया आली. तिनं गुपचूप वजा एक केलं आणि बोट काळी तीनवर ठेवलं. माऊली त्या दिवशी फार छान गायला. खाली उतरल्यावर म्हणाला, "बघितलं का बाई, तापात पण काळी तीन." ती हसली. पुढच्या कार्यक्रमाला तिनं आपणहून वजा एक लावलं. त्याच्या पुढच्या वर्षी वजा दोन. वय कुणाला चुकलंय? गळाही शरीराचाच भाग. पण माऊलीला हे सांगणार कोण, आणि त्यानं ऐकलं असतं का?

एकाच माणसाला कळलं. अबुबकर, ग्रुपचा ढोलकीवाला. दिवसा जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात कामाला, संध्याकाळी ढोलकी. ढोलकी गायकाच्या पट्टीला लावावी लागते. पट्टी उतरली की ढोलकी उतरवावी लागते. एका हळदीआधी तो कड्या सरकवत बेबीनंदाजवळ येऊन बसला. तो तिला बाजी म्हणायचा, म्हणजे मोठी बहीण.

"बेबीबाजी, ही काळी तीन न्हाई."

"मंग काय आहे?"

"ते अल्लाला ठाऊक न् तुम्हाला. मी आपली ढोलकी उतरवून घेतो."

पुन्हा त्यानं तो विषय कधी काढला नाही. असे लोक फार कमी असतात.

कीबोर्डाच्या डाव्या कडेला दोन चाकं असतात. पहिलं ओढलं की सूर वाकतो, सोडलं की चाक आपोआप जागेवर येतं. दुसरं फिरवलं की सुराला कंप येतो, आणि ते जिथं ठेवाल तिथंच राहतं. बेबीनंदा ही चाकं पोरीला जेवू घालावं तशा मायेनं शिकली. कीबोर्डावरच्या बासरीच्या आवाजात तिची सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींड ऐकून लोकांना खरा बासरीवाला कुठं बसला आहे ते शोधायला लागायचं. हे सगळं कसब ती हळूहळू माऊलीच्या गळ्यावर ठिगळं लावायला वापरू लागली. आणि त्याचा तिला अभिमानही होता, हे लपवण्यात अर्थ नाही. या वाघाचे दात माझ्या पर्समध्ये आहेत, असं काहीतरी तिला वाटत असणार.

मग आकांक्षाचं झालं.

आकांक्षा तिची एकुलती एक लेक. कोरोनानंतरची पहिली लग्नसराई, पोरगी एकोणीस वर्षांची, अंबडच्या कॉलेजात. ग्रुपची गाणारी मुलगी लग्न होऊन गेली, तेव्हा माऊलीनंच आकांक्षाला बोलावलं. पहिल्याच कार्यक्रमात पोरगी असं गायली की लोकांनी दुसऱ्यांदा मागणी केली. तिसऱ्या कार्यक्रमात एक पाहुणा माऊलीच्या गाण्याच्या मध्येच म्हणाला, "मामा, तुम्ही बसा जरा, त्या पोरीला गाऊ द्या." माऊली हसला. बसला. पण तो टेम्पोत परत येताना एक शब्द बोलला नाही.

पुढचा कार्यक्रम जालन्यात एका मंगल कार्यालयात होता. तीनशे माणूस, हळद, समोर खुर्च्यांवर आकांक्षाच्या मैत्रिणी, तिला बघायला येऊ घातलेलं एक घरसुद्धा. घरी महिनाभर आईलेकीनं गाणं बसवलेलं, वजा सहावर. त्या वेळी माऊलीसाठी आकडा वजा तीनवर असायचा. आकांक्षासाठी आणखी तीन पायऱ्या खाली. तीन वेळा बटन, दीड सेकंदाचं काम.

आकांक्षा माइकपाशी आली आणि माऊलीनं दुसरा माइक उचलला. "मंडळी, आज आमच्या बाईंच्या पोरीची परीक्षा. गाणं तिचं, पट्टी माझी. काळी तीन." मग तो कीबोर्डाशेजारी येऊन उभा राहिला. आधीच्या कार्यक्रमांत पोरीसाठी दाबलेलं बटन त्यानं बघितलं होतं, स्वतःसाठी दाबलेलं कधीच नाही. "बाई, बटनाला हात लावायचा न्हाई. लोक बघून राह्यले."

लोक हसले. सगळ्यांच्या नजरा बेबीनंदाच्या हातावर. आकांक्षानं ओढणीआड तीन बोटं खाली धरली. आई, तीन खाली. बेबीनंदाला ती तीन बोटं दिसली. तिचा अंगठा बटनावर होता. तो दाबला असता तर माऊली ओरडला असता, एवढंच. कार्यक्रम गेला असता. ग्रुप गेला असता. अंगठा तिथून सरकला आणि तिनं काळी तीनवर सूर धरला.

अंतऱ्याला पोरीचा आवाज फाटला. तिनं पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा फाटला. कुणीतरी व्हिडिओ काढला. दोन दिवसांनी तो अंबडभर फिरत होता, फाटलेल्या जागी कोंबड्याची बांग जोडून. बघायला येणारं घर आलंच नाही, त्याचं फार वाईट वाटायचं कारण नाही, तसल्या घरात पोरगी गेली नाही ते बरं. पण आकांक्षानं गाणं सोडलं. नुसतं स्टेजवरचं नव्हे. अंघोळ करताना गुणगुणायची, तेही थांबलं. परीक्षा झाल्यावर तिनं जालन्याला एका बियाणं कंपनीच्या ऑफिसात नोकरी धरली आणि तिथंच खोली घेतली.

सगळ्यांना वाटलं आता बेबीनंदा ग्रुप सोडणार. पुंजारामसुद्धा म्हणाला, "राजीनामा टाइप करू?"

"न्हाई."

"मंग काय करणार?"

"वाजवणार."

सोडून गेली असती तर माऊलीला आठ दिवसांत दुसरा कीबोर्डवाला मिळाला असता, आणि त्या नव्या माणसानं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, माऊली, तुमची पट्टी काळी तीन न्हाई. माऊली चिडला असता, मग मान्य केलं असतं, मग हसून खाली उतरला असता. एवढ्या स्वस्तात त्याला सोडायचं नव्हतं. तिनं उलटं केलं. पुढची तीन वर्षं तिनं त्याचे एवढे लाड केले की विचारू नका. गरज नसताना आकडा वजा चार केला, मग वजा पाच. गळा जरा ताणला जाईल असं दिसलं की चाक ओढून सूर त्याच्या पायाशी आणून ठेवायची. श्वास घेताना पेडल, कंपाला चाक, सगळं तयार. माऊलीनं रियाज सोडला. कशाला करायचा? गळा आपोआप चालत होता. तो आईस्क्रीम खायला लागला, तंबाखू वाढली. "या वयात आवाज उलट मोकळा झाला," असं तो लोकांना सांगायचा. बेबीनंदा मान हलवायची.

"मोकळा झाला, बराबर आहे," ती म्हणायची.

भांडी घासताना पत्र चालूच होतं.

मागच्या हिवाळ्यात राजूरकरांनी माऊलीचा सत्कार ठरवला. दुपारचा कार्यक्रम, मोठा मांडव, पाहुण्यांची रांग. बॅनरवर माऊलीचा जुना फोटो आणि खाली अक्षरं: पस्तीस वर्षे, एकच पट्टी. हे त्यानंच लिहायला सांगितलेलं. माऊलीची बायको द्वारकाबाई पहिल्या रांगेत नवं लुगडं नेसून बसली होती. आधी गावच्या भजनी मंडळानं दोन अभंग म्हटले आणि त्यांची पेटी स्टेजच्या कडेलाच राहिली.

माऊली चार गाणी गाणार होता. पहिल्याला बेबीनंदानं नेहमीप्रमाणे वजा पाच ठेवलं. छान झालं. हार पडले. दुसऱ्याला तिनं वजा चार केलं. माऊलीनं एकदा मान वळवली, पाणी प्याला. तिसऱ्याला वजा दोन. अबुबकर खाली मान घालून ढोलकीच्या कड्या ठोकत होता, एकदा त्यानं तिच्याकडं बघितलं, पुन्हा कड्या ठोकायला लागला. माऊलीच्या मानेच्या शिरा उभ्या राहिल्या. त्यानं गरम पाणी मागवलं. अंतरा कसाबसा पार केला, लोकांना वाटलं भरून आलंय.

"आता शेवटचं," माऊली माइकवर म्हणाला. आवाज खरखरीत झाला होता, पण छाती पुढंच होती. "तुम्ही बॅनर वाचलाच आहे. बाई, काळी तीन द्या."

बेबीनंदानं आकडा शून्यावर आणला. दुसरं चाक तळाला नेलं. पाय पेडलवरून काढून चप्पल घातली. आवाज पियानोचा लावला, कोरडा, आडोसा नसलेला. आणि काळी तीनवर सूर दिला. त्या तापाच्या लग्नानंतर पहिल्यांदा, मागितलेला तोच.

माऊलीनं हात वर केला. सा लागला नाही. दुसऱ्यांदा लागला, ओरडल्यासारखा. अंतऱ्यापर्यंत तो पोचला हेच नवल. तिथं आवाज दुभंगला, आणि ताणून धरायला कुणी नव्हतं म्हणून मांडवात ती फट स्पष्ट ऐकू आली. बेबीनंदा ताल न सोडता बोटं चालवत राहिली. तिनं एक कडवं परत घेतलं, त्याला पुन्हा संधी दिली, म्हणजे पुन्हा फाटू दिलं.

माऊलीनं गाणं थांबवलं. "कीबोर्ड बिघडला," तो म्हणाला. मग त्यानं चूक केली. तो मागं वळून म्हणाला, "न्हाईतर अबुभाई, तुमची ढोलकी चढली."

अबुबकरला शिव्या दिल्या तर तो हसतो. ढोलकीला नावं ठेवलेली त्याला चालत नाहीत. तो उठला, भजनी मंडळाच्या पेटीपाशी गेला, भाता ओढला आणि काळी तीन दाबली. भजनाच्या साध्या पेटीला ट्रान्सपोज नसतं. मांडवात तोच सूर भरला, जो बेबीनंदानं दिला होता. मग त्यानं ढोलकीवर एक थाप मारली. तोच सूर.

"बराबर आहे," अबुबकर म्हणाला. "बिलकुल काळी तीन आहे, माऊली. तुम्हीच मागितली."

मागून कुणीतरी हसलं. मग बरेच लोक हसले. भजनी मंडळातल्या एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला विचारलं, "मंग आधी कोणती पट्टी होती?" आणि शेजाऱ्याचं उत्तर स्टेजपर्यंत ऐकू आलं, "बाई देईल ती." माऊली खुर्चीवर बसला. बेबीनंदानं कीबोर्ड बंद केला, वायर गुंडाळली, चादरीत बांधला आणि टेम्पोत जाऊन बसली.

"बाजी, सांगायचं तरी होतं," टेम्पोत अबुबकर म्हणाला. "गाण्यागणिक ढोलकी चढवून राह्यलो होतो मी. मनगट गेलं."

"सांगितलं असतं तर तुम्ही वाजवलं असतं?"

त्यानं मनगट चोळलं. "वाजवलं असतं. मनगट शेकून आलो असतो."

तिला हसू आलं. अंबड येईपर्यंत ती मधूनमधून हसत होती. घरी गेल्यावर तिनं मोरीतली सगळी भांडी घासली आणि पहिल्यांदाच पत्र म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती जालन्याला आकांक्षाला भेटायला गेली. कंपनीच्या गेटसमोर चहाच्या टपरीवर जेवणाच्या सुट्टीत दोघी बसल्या. बेबीनंदानं सगळं सांगितलं, आकड्यांसकट. आकांक्षा डबा खात होती.

"व्हिडिओ आला मला," ती म्हणाली.

"मंग?"

"मंग काय. बघितला."

"तुला बरं न्हाई वाटलं?"

आकांक्षानं डब्याचं झाकण लावलं. "आई, त्याच्यासाठी तू दहा वर्षं बटन दाबलंस. रोज. कुणी न सांगता. माझ्यासाठी तीनदा दाबायचं होतं." डबा पिशवीत ठेवत ती म्हणाली, "त्याचा आवाज फाटला म्हणून माझा शिवला गेला का?"

घंटा झाली आणि ती आत गेली. बेबीनंदा टपरीवर तशीच बसून राहिली. चहावाल्यानं दोनदा विचारलं, आणखी एक देऊ का.

माणसं म्हणतात, बदला घेऊन काही मिळत नाही. तसं नाही. बेबीनंदाला मिळालं, टेम्पोतल्या त्या तासाभरात तरी नक्की मिळालं. पण जे करायला हवं होतं ते तिच्या बटनानं होणारं नव्हतं. पोरीला कुणीतरी सांगायला हवं होतं की तुझा गळा फाटला नाही, तो फाडला. आईनं सांगून ते पोचत नव्हतं. ज्यानं माइकवरून केलं त्यानंच सांगायला हवं होतं.

त्यानंतर तिला कुठल्या ग्रुपचं बोलावणं आलं नाही. गाणारे पुरुष तिला बिचकू लागले. उद्या आपलं पण उघडं पाडेल, कोण जाणे. ती गल्लीतल्या बायकांच्या भजनाला वाजवू लागली. बसायच्या आधी प्रत्येक बाईला विचारायची, तुझी पट्टी कोणती, आणि ज्यांना ठाऊक नसायची त्यांची शोधून द्यायची. माऊलीनं गाणं पूर्ण बंद केलं. ग्रुप मोडला.

आठ महिन्यांनी द्वारकाबाई अंबडला आली. माऊलीची बायको कधी कुणाच्या दारी न जाणारी. हातात पिशवी, पिशवीत सीताफळं. आत येऊन ती खाली सतरंजीवरच बसली.

"बेबीताई, ते बोलतच न्हाईत," ती म्हणाली. "भिंतीकडं बघून राह्यतात. जेवण दोन घास. परवा म्हणले, एकदा गाऊन बघावं वाटतंय, पण पट्टी धरायला कोणी न्हाई. मी म्हणलं, बेबीताईला विचारू का? न्हाई म्हणले न्हाईत."

बाहेरच्या खोलीत पुंजारामनं टाइप करणं थांबवलं.

"लोकांत न्हाई, घरात. दार लावून," द्वारकाबाई म्हणाली. "तुम्ही खाली घेऊन वाजवा, त्यांना झेपेल तेवढं. आता त्यांना ठाऊक आहे. काळी एक म्हणा, त्याच्या पण खाली म्हणा. नुसतं एक गाणं."

"मी येते," बेबीनंदा म्हणाली.

द्वारकाबाईनं पदर डोळ्याला लावला.

"पण आधी त्यांनी एक काम करायचं," बेबीनंदा म्हणाली. "जालन्याला जायचं. माझ्या लेकीच्या कंपनीच्या गेटवर. दुपारी एकला सुट्टी होते. तिच्यासमोर उभं राहून सांगायचं, पोरी, तुझा सूर चुकला नव्हता, मी पट्टी चुकीची धरायला लावली. चार लोक असतील टपरीवर, त्यांच्यासमोर सांगायचं. फोनवर न्हाई. ज्या दिवशी सांगतील त्या दिवशी कीबोर्ड घेऊन मी राजूरला."

"एवढ्या पोरीपुढं?"

"त्या वेळी एवढीच होती ती."

द्वारकाबाई सीताफळं ठेवून गेली. बेबीनंदानं ती शेजारी वाटून टाकली.

पुढच्या महिन्यात द्वारकाबाईचा फोन आला. माऊली नवा सदरा घालून जालन्याच्या बसमध्ये बसले होते. स्टँडवर उतरले, चहा प्याले, एमआयडीसीची रिक्षा विचारली, आणि तीच बस पकडून परत आले. पंधरा दिवसांनी पुन्हा गेले. त्या वेळी रिक्षात बसले, कंपनीच्या वळणापर्यंत.

"गेटपर्यंत गेले का?" बेबीनंदानं विचारलं.

"न्हाई. वळणावरून रिक्षा फिरवली. तिथून गेट दिसतं म्हणले."

"दिसतं," बेबीनंदा म्हणाली. "मंग मी पण येत न्हाई."

द्वारकाबाई म्हणाली, घरात चूल पेटवायची आहे, आणि फोन ठेवला. दिवाळी होऊन गेली. माऊली गेटवर गेलेला नाही.